मागे टांगलेल्या सायकली आणि उलार झालेला ट्रेलर

तक्रार अशी आहे. घरी बनवलेला छोटा कॅम्पिंग ट्रेलर आणि त्याच्या मागच्या टोकाला रॅकवर चार सायकली. गावातल्या रस्त्यांवर काही होत नाही. हायवेवर ताशी ५० मैलांपर्यंतही काही होत नाही. ५५ च्या वर काटा गेला आणि त्यात उतार लागला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला, की ट्रेलर कुत्र्यानं शेपूट हलवावी तसा डावी-उजवीकडे हलायला लागतो. मग त्याच्या तालावर गाडीची मागची बाजूही हलू लागते. वेग उतरवला की शांत. पुन्हा ५५, पुन्हा शेपूट.

हे माझ्याकडे एकापाठोपाठ एक तीन सहलींत झालं. पहिल्या दोन वेळा मी काहीतरी दुरुस्त केलं आणि दोन्ही वेळा ते भलतंच होतं. ज्यांचा ट्रेलर असाच हलतो त्यांचे निदान दोन-तीन शनिवार वाचावेत म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितो.

आधी माझं सामान काय आहे ते. आम्ही अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहतो. इथून कंबरलंडपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही सायकलवाट आहे, १५० मैलांची. २०१३ मध्ये ती पिट्सबर्गपर्यंत सलग पूर्ण झाली. रेल्वेचीच वाट असल्यानं चढ सौम्य, त्यामुळे मुलांना घेऊन जायला उत्तम. आम्ही कधी वाटेवरच्या ओहायोपाइलला तळ ठोकतो, कधी थेट कंबरलंडच्या बाजूला. मोटेलची खोली घेण्यापेक्षा स्वतःचं काहीतरी बनवावं या हौसेपायी ४ बाय ८ फुटांचा, डब्यातून सुटा येणारा ट्रेलर घेतला आणि त्यावर प्लायवुडचं थेंबाच्या आकाराचं घरकुल उभं केलं. पुढे झोपायची जागा, मागे वर उघडणारं झाकण आणि त्याखाली ओटा. गाडी मध्यम आकाराची आहे. तिची ओढायची मर्यादा १,५०० पाउंड आणि हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या आकड्याच्या, गोळ्यावर पडणाऱ्या भाराची मर्यादा १५० पाउंड. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे तेच सगळ्यांचे हात बांधतात.

पहिल्या सहलीत ओहायोपाइलला गेलो तेव्हा रस्ता वळणावळणांचा, वेग ४५ च्या आसपास. काहीही झालं नाही. मी खूश. दुसऱ्या सहलीत मॉर्गनटाउनवरून आय-६८ या महामार्गानं कंबरलंडला निघालो. हा रस्ता डोंगरांमागून डोंगर ओलांडतो, आणि फ्रॉस्टबर्ग मागे पडलं की कंबरलंडपर्यंत उतारच उतार. तिथे पहिल्यांदा शेपूट हलली. आरशात चार सायकली एकदम डावीकडे गेल्या, मग उजवीकडे, आणि मागच्या सीटवरून धाकटी म्हणाली, "बाबा, सायकली नाचतायत." नाचत सायकली नव्हत्या, नाचत होता ट्रेलर. पण मीसुद्धा तिचंच ऐकलं आणि दोष सायकलींना दिला.

म्हणून पहिला उपाय आवळण्याचा. रॅचेटचे जास्तीचे पट्टे आणले. सायकली रॅकला, रॅक ट्रेलरच्या कडांना, सगळं असं करकचून बांधलं की सायकलीची घंटाही वाजू नये. मंडळाच्या गणपतीत ज्याला ज्याला सांगितलं त्या प्रत्येकानं हाच सल्ला दिला होता: नीट बांधलं नसशील. तिसऱ्या सहलीत त्याच उतारावर, त्याच वेगाला, तोच नाच. फरक एवढाच की आता सायकली आणि ट्रेलर एकजीव होऊन हलत होते.

एक खूण मात्र मला तेव्हाच दिसली होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. जाताना ट्रेलर जास्त हलायचा, येताना कमी. मी समजत होतो की परत निघताना आपण शांतपणे बांधतो म्हणून. खरं कारण मागच्या ओट्याखाली होतं. जाताना तिथला कूलर बर्फ, दूध आणि इडलीच्या पिठानं भरलेला असायचा, ४५ पाउंडांचा. येताना तो रिकामा.

इथे मला आजोबांची बैलगाडी आठवली. सांगलीकडे आमच्या शेतातून कडबा आणताना आम्ही पोरं गाडीच्या मागच्या टोकाला लोंबकळायचो आणि आजोबा ओरडायचे, "पोरांनो, फुडं सरका रं, गाडी उलार व्हतीया!" उलार म्हणजे मागे भार जास्त होऊन गाडीचं तोंड वर उचललं जाणं. जू बैलांच्या मानेवरून उठतं, खालची सापती गळ्याला काचते आणि बैल धड ओढू शकत नाही. शहाणा गाडीवान निघण्याआधी जू हातानं उचलून बघतो. अगदी हलकं लागलं तर दोन पेंढ्या मागच्या पुढे करतो. पंचवीस वर्षं इंजिनिअर म्हणून काम केलेल्या माणसानं जू उचलून बघितलं नव्हतं.

आता ट्रेलरचं जू कसं तोलायचं. इथे त्याला टंग वेट म्हणतात: ट्रेलरच्या पुढच्या दांडीचं टोक हिचच्या गोळ्याला खाली किती दाबतं, तो भार. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तिथे हवा. १० च्या खाली गेलात की हलण्याला आमंत्रण. छोट्या ट्रेलरला घरातला माणसाचा वजनकाटाच पुरतो. सपाट जागी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. काट्यावर लाकडाचा उभा ठोकळा ठेवून दांडीचं टोक त्यावर टेकवा. टोकाची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच हवी, कारण तोंड वर राहिलं तर आकडा खोटा येतो. काट्याच्या क्षमतेपेक्षा भार जास्त असेल तर चार फूट फळी घ्या. तिचं एक टोक जमिनीवरच्या पाइपवर आणि दुसरं टोक काट्यावरच्या पाइपवर टेकवा. दांडी जमिनीकडच्या पाइपपासून एक फुटावर टेकवा आणि काटा दाखवेल त्याला चारनं गुणा. फळीचं स्वतःचं वजन आधी काट्यावर बघून वजा करायला विसरू नका. एकूण वजनासाठी महामार्गावरच्या ट्रक थांब्यांवर मोठे काटे असतात, थोड्या पैशांत छापील पावती मिळते.

आणि ट्रेलर सहलीला जसा भरता तसाच भरून तोला. रिकामा तोलून काही कळत नाही. मी कूलरमध्ये बर्फाऐवजी पाण्याच्या बाटल्या भरल्या, झोपायच्या पिशव्या टाकल्या, सगळं केलं. शेजारी कुंपणापलीकडून बघत होता. न बोलता बघत होता, ते जास्त लागलं.

आकडे असे निघाले. सायकली नसताना भरलेला ट्रेलर १,१५० पाउंड, दांडीवर १३०. म्हणजे ११ टक्के, अगदी गुणी बाळ. चार सायकली ३१, २९, २६ आणि २२ पाउंडांच्या, मिळून १०८. रॅक ४२. एकूण १५० पाउंड मागे टांगलेले. सायकलींसकट दांडीवरचा भार तोलला तर काटा म्हणाला ३०.

मी ठोकळा हलला असेल म्हणून पुन्हा तोललं. पुन्हा ३०. एकूण १,३०० पाउंडांवर ३०, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. गाडी उलारच होती.

हिशेब कागदावरही जमतो आणि तुम्ही तो ट्रेलरला हात न लावता करू शकता. दोन अंतरं मोजा. एक, गोळ्यापासून ॲक्सलपर्यंत, म्हणजे चाकांच्या आसापर्यंत. माझं ९६ इंच. दुसरं, ॲक्सलपासून मागे टांगलेल्या वजनाच्या मध्यापर्यंत. माझं ६४ इंच, कारण ट्रेलरचं मागचं टोक ॲक्सलपासून ४० इंचांवर आहे आणि सायकलींचा मध्य त्याच्याही मागे २४ इंचांवर. मागचं वजन गुणिले ६४ भागिले ९६, एवढा भार दांडीवरून उचलला जातो. १५० गुणिले ६४ भागिले ९६ बरोबर १००. १३० तून १०० गेले, ३० उरले. काट्यानं दाखवले तेवढेच. तेच वजन तुम्ही ॲक्सलच्या पुढे ठेवलंत तर याच रीतीनं भार वाढतो, आणि ॲक्सलच्या डोक्यावर ठेवलंत तर दांडीला पत्ताही लागत नाही.

ट्रेलर जितका छोटा तितकं हे दुखणं मोठं. पंचवीस फुटी कॅम्परच्या मागे दीडशे पाउंड लावले तर त्याच्या हजारो पाउंडांत ते मुरतात. आपल्या ट्रेलरची दांडी आखूड, वजन कमी. त्यामुळे मोठ्या कॅम्परवाल्यांचं "आम्ही तर वर्षानुवर्षं मागेच लावतो" हे ऐकून आपल्याला उपयोग नाही.

मग मी दुसरी चूक केली, आणि ही जास्त शिकवणारी आहे. दांडीवर भार कमी आहे ना, मग पुढे वजन टाकू. पाच गॅलनचे पाण्याचे दोन कॅन, भरून प्रत्येकी ४४ पाउंड, दांडीवर बसवले. ५० पाउंडांची बॅटरी मागच्या ओट्याखालून काढून तीही पुढे नेली. दांडीवर आता १४९ पाउंड आणि एकूण १,३८८. टक्केवारी १०.७. कागदावर सगळं शुद्ध, गाडीच्या मर्यादेतही एका पाउंडानं का होईना पण आत. आय-६८ वर ५५ ला ट्रेलर हलला नाही, ५८ ला नाही. ६२ ला उतारावर एका ट्रकनं ओलांडलं आणि शेपूट पुन्हा हलली. हळू सुरू झाली, पण सुरू झाल्यावर थांबायला आधीपेक्षा जास्त वेळ घेत होती.

याचं कारण पहिलवानाच्या मुद्गलात आहे. दोन जड मुद्गल छातीशी धरून कमरेत वळा, सहज वळता येतं. तेच हात पसरून धरा आणि वळा, वळायला जड, आणि एकदा वळलात की थांबायला त्याहून जड. वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं की वळण्याला होणारा विरोध चौपट होतो. मी मागे १५० पाउंड ठेवलेच होते, त्यांना उत्तर म्हणून पुढच्या टोकाला १३८ ठेवले. तोल साधला, पण ट्रेलरचा मुद्गल झाला. डोलायला लागला की चाकांना तो आवरता येईना. म्हणजे दांडीवरचा भार ही पहिली परीक्षा, आणि जड वस्तू ॲक्सलजवळ आहेत का ही दुसरी. दोन्हींत पास व्हावं लागतं.

थोरल्याला हे पटेना. मग त्याच्याच लेगोचा छोटा ट्रेलर करून व्यायामाच्या ट्रेडमिलवर धरला आणि त्यावर नाण्यांच्या चवडी मागे-पुढे सरकवून बघितल्या. नाणी मागच्या टोकाला ठेवली की बोटानं किंचित टोचताच ट्रेलर फडफडत उलटायचा. मध्याच्या थोडी पुढे ठेवली की दोन हेलकाव्यांत सरळ. हा प्रयोग घरी जरूर करा, बायकोचा फोन चालू असताना मात्र नको.

मधेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हे वाचून तुम्ही आजच ट्रेलर जोडून निघणार असाल. रस्त्यात ट्रेलर हलायला लागलाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. कचकन ब्रेक मारू नका. हेलकाव्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचा मोह होतो, तोही आवरा. आपला हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि हेलकावा वाढवतो. ट्रेलरला स्वतंत्र विजेचे ब्रेक असतील तर फक्त ते हलकेच लावता येतात, पण आपल्यासारख्या ट्रेलरला ते बहुधा नसतात. वेग वाढवून सरळ करतो म्हणणाऱ्या मित्राला पुढच्या वेळी मागच्या सीटवर बसवा.

हलणं दाबून धरणारी घर्षणाची दांडीही बाजारात मिळते. तुमचा भार बरोबर असेल तर तिचा आधार घ्यायला हरकत नाही. भार चुकला असताना ती लावणं म्हणजे ताप मोजायचं थर्मामीटर फोडणं.

तर मग सायकली ठेवायच्या कुठे?

सगळ्यात सोपं उत्तर बायकोनं पहिल्याच दिवशी दिलं होतं: "अरे, दोन गाडीच्या टपावर लाव ना." गाडीच्या टपाला दांड्या असतील आणि मर्यादा बसत असेल तर हे उत्तर खरंच चांगलं आहे. ट्रेलरचं अर्धं दुखणं तिथेच संपतं. मी ऐकलं नाही, कारण मला चारही सायकली ट्रेलरवरच हव्या होत्या. हे कारण नाही, स्वभाव आहे.

दांडीवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या मधल्या जागेत, रॅक बसवणारे पुष्कळ आहेत. चार सायकलींचं गणित माझ्या गाडीला झेपत नव्हतं. रॅकसकट १५० पाउंड ॲक्सलच्या ६० इंच पुढे ठेवले तर दांडीवर ९४ पाउंड वाढतात, १३० चे २२४ होतात आणि गाडीची मर्यादा १५० ची. मुलांच्या दोन हलक्या सायकली तिथे बसतील, पण मग कूलर, पाणी असं काहीतरी ॲक्सलच्या थोडं मागे सरकवावं लागेल. हिचची मर्यादा ३०० च्या पुढे असलेल्या मोठ्या गाडीवाल्यांना हा मार्ग मोकळा आहे. एकच तपासणी न चुकता करा. मोकळ्या मैदानात ट्रेलर लावून अगदी हळू मागे घ्या, जितका कोन होईल तितका करा आणि दुसऱ्याला मधे उभं करून बघायला सांगा. सायकलीचं हँडल गाडीच्या मागच्या काचेला कधी भेटतं ते तेव्हाच कळतं. डिकीचा दरवाजा उघडतो का तेही बघून घ्या. गाडीच्या चाकांनी उडवलेली खडी आणि चिखल थेट साखळीवर येतो, म्हणून गाडीच्या मागच्या चाकांमागे लांब मडफ्लॅप लावा.

मी शेवटी सायकली ॲक्सलच्या डोक्यावर नेल्या. घरकुलाचं छप्पर पाव इंची प्लायवुडचं आहे, ते एक मांजर पेलेल, चार सायकली नाही. म्हणून दीड इंची चौकोनी पाइपचा सांगाडा केला. त्याचे चार पाय थेट चासीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना बोल्टनं धरले आहेत. प्रत्येक बाजूला एक पाय चाकाच्या मडगार्डच्या पुढे आणि एक मागे. वर दोन आडव्या दांड्या, छपरापासून दोन इंच अधांतरी. सायकलींचा भार छपराला कुठेही लागत नाही.

बनवताना तीन ठिकाणी अडलो. दारं: पाय दाराच्या चौकटीत येत होते, म्हणून ते कापून तिरके घ्यावे लागले. मागचं झाकण: ते वर उघडतं आणि त्याची कड सांगाड्याला आपटत होती, म्हणून मागची आडवी दांडी बिजागरीच्या पुढे आणली. आधी पुठ्ठ्याचं झाकण कापून फिरवून बघितलं असतं तर एक वेल्डिंग वाचलं असतं. आणि डुलणं: चार उभे पाय आणि दोन आडव्या दांड्या म्हणजे नुसतं टेबल. ब्रेक मारला की सायकलींचं वजन पुढे झुकतं आणि टेबल पुढे कलतं. प्रत्येक कोपऱ्यात तिरकी पट्टी मारली तेव्हा कुठे ते स्थिर झालं. तिरक्या पट्टीशिवाय हा सांगाडा करू नका.

चार सायकली ४८ इंची रुंदीत बसतात, फक्त एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, असं आलटून-पालटून ठेवावं लागतं, म्हणजे हँडल हँडलला अडत नाही. सांगाडा ६० पाउंडांच्या आसपास, सायकली धरणारे खाचे २०, सायकली १०८. सगळ्याचा मध्य ॲक्सलच्या सहा इंच पुढे आणला. मागचा जुना रॅक काढून टाकला, पाण्याचे कॅन रिकामे केले, कारण तळावर नळ असतो हे मला कुणी आधी का सांगितलं नाही कोण जाणे. बॅटरी परत ओट्याखाली गेली. आता एकूण १,३३८ पाउंड, दांडीवर १४२, टक्केवारी साडेदहाच्या वर. त्याच उतारावर ६२ ला काही नाही. त्याच्या वर मी जात नाही, कारण ट्रेलरचे कित्येक खास टायर ६५ मैलांपर्यंतच्याच वेगासाठी असतात, आणि तसंही कंबरलंड गावात शिरताना मर्यादा ४० वर येते. एवढी घाई करून जायचं कुठे?

याची किंमतही आहे, ती लपवत नाही. ट्रेलरचा गुरुत्वमध्य माझ्या हिशेबानं सहाएक इंचांनी वर गेला. आडवा वारा लागला की जाणवतं, वळणावर वेग आधीच उतरवावा लागतो. एकूण उंची साडेनऊ फुटांवर गेली. सायकली गाडीच्या टपापेक्षा उंच आणि मागे, त्यामुळे त्या आहेत हेच डोक्यातून जातं. घरच्या गॅरेजचा दरवाजा सात फुटी. मी स्टिअरिंगला लाल रिबन बांधतो, सायकली उतरवल्याशिवाय सोडत नाही. आणि ३१ पाउंडांची सायकल डोक्याच्या वर उचलायची तर घडीची पायरी आणि शाबूत खांदा लागतो. खांदा दुखत असेल तर वर लिहिलेलं बायकोचं उत्तर पुन्हा वाचा.

आता ज्यांना काहीही झालं तरी मागेच लावायच्या आहेत त्यांच्यासाठी. दोन हलक्या सायकली असतील आणि तोलून दांडीवर दहा टक्के भार भरत असेल तर लावा, पण रॅक जिथे जोडता तिथलं लोखंड बघा. माझ्या ट्रेलरची मागची आडवी पट्टी पातळ पत्र्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली होती. तिच्यावर रॅकचं दोन इंची नळकांडं वेल्ड केलं होतं. तिसऱ्या सहलीनंतर वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर दिसली, रंग उडाला होता आणि गंजाची बारीक रेघ खाली ओघळली होती. मी ती धूळ समजून आधी पुसली होती.

वेल्ड वाईट नव्हता. ॲक्सलच्या मागचं टोक प्रत्येक खड्ड्यात सी-सॉच्या टोकासारखं वर-खाली उसळतं. हलक्या ट्रेलरचे स्प्रिंगचे पाटे वजनाच्या मानाने कडक असल्यामुळे ते आणखी जोरात उसळतं. रॅक मागे लांब बाहेर आलेला, त्यामुळे प्रत्येक उसळी पट्टीला पिळते. गाडीच्या हिचसाठी बनवलेल्या कित्येक रॅकच्या माहितीपत्रकात ट्रेलरच्या मागे वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते याच कारणानं. रॅक विकत घेण्याआधी ते पान वाचा. उपाय असा की नळकांडं एकाच पट्टीवर लटकवू नका. ते पुढे लांब नेऊन चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीलाही धरा, म्हणजे पिळण्याऐवजी एक पट्टी वर ओढली जाते आणि दुसरी खाली, आणि दोन्ही ते सहन करतात. चीर पडलेल्या जागी नुसता वरून नवा वेल्ड चढवून निघू नका. टायरमधली हवा कमी करून उसळी कमी करायचा विचारही सोडा. मऊ टायर तापतो आणि ट्रेलर जास्त हलतो.

मागे रॅक लावला की ट्रेलरचे दिवे आणि नंबरप्लेट सायकलींच्या चाकांआड जातात. रात्री तीस फूट मागे जाऊन ब्रेक आणि सिग्नल दिसतात का ते दुसऱ्याला दाबायला सांगून बघा. दिसत नसतील तर दिव्यांची वेगळी पट्टी रॅकवर घ्या आणि प्लेटही तिच्यावर हलवा.

पट्टे सैल होण्याची तक्रार बहुतेकांना असते. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणतो, पॉलिस्टरचा कमी ताणतो. लेबल वाचून घ्या. मोकळा लांब पट्टा वाऱ्यात फडफडून घुंई आवाज करतो आणि झिजतो, त्याला एक पीळ द्या, गप्प होतो. रबरी हुकाच्या दोऱ्यांवर सायकल सोपवू नका. पंचवीस-तीस मैलांवर पहिला थांबा घ्या आणि सगळं एकदा हातानं हलवून बघा. पहिल्या तासातच जे सैल व्हायचं ते होतं.

सायकली एकमेकींना घासून रंग जातो, त्यावर महागडे फोम मिळतात. मी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतो. लहानपणी लुनाच्या कॅरिअरवर गॅस सिलिंडर याच पट्ट्यांनी बांधला जायचा, तेव्हा सायकलीचं पेडल त्या सहज धरतात. पेडल क्रँकसकट फ्रेमला बांधा, पुढचं चाक हँडलला बांधा. या दोन गोष्टी मोकळ्या राहिल्या तर बाकी कितीही बांधा, खडखड थांबत नाही.

येत्या मोसमात एक मित्र त्याची विजेची सायकल घेऊन येणार आहे. बॅटरीसकट ६२ पाउंड, काढल्यावर ५४. बॅटरी गाडीत, हे ठरलं आहे. बाकीच्या ५४ साठी माझी २६ पाउंडांची सायकल खाली उतरवावी लागेल. तिचं काय करायचं ते काटा काढून बघणार आहे. बायको म्हणते, टप रिकामाच आहे.